माझ्या शेगडीतली राख

त्या वर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळासाठी मी साखर सोडली होती. कॉफीत नाही, सफरचंदाच्या पायमध्ये नाही, जामसुद्धा नाही. खोटं मात्र सोडलं नाही, आणि ते मला ईस्टर जवळ येईपर्यंत पुरलं.

मी आर्डिस लॉकेन. मिनेसोटाच्या अगदी वरच्या अंगाला आमचं नऊशे वस्तीचं गाव आहे. तिथल्या लुथरन चर्चमधल्या वेदीची व्यवस्था बावीस वर्षं माझ्याकडे होती. वेदीवरची वस्त्रं धुवून इस्त्री करायची, मेणबत्त्या बदलायच्या, प्रभुभोजनाचे पेले घासायचे, कुठल्या सणाला कुठला रंग ते बघायचं. पगार नाही, पण मान असा की पाळक येत-जात, मी जागची हलत नसे. एका पाळकाने जांभळ्याच्या जागी निळं वस्त्र घालायला सांगितलं होतं, तर ते निळं वस्त्र दोन वर्षं मला सापडलंच नाही. अशी मी.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर लावायची राख आमच्याकडे घरचीच असते. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी हातात धरलेल्या पामच्या झावळ्या वर्षभर जपून ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी उपवासकाळ लागायच्या आत जाळायच्या. गेल्या वर्षी ज्या हातांनी येशूचा जयजयकार केला, त्यांच्याच कपाळाला त्याची राख, असा तो हिशेब. हे काम माझा नवरा हार्लन करायचा. कॉफीच्या रिकाम्या डब्यात झावळ्या जाळायचा, चाळायचा, काहीतरी कालवायचा. मागच्या एप्रिलमध्ये तो गेला.

चर्चमधल्या बायकांच्या जानेवारीच्या बैठकीत नव्या पाळकबाईंनी विषय काढला. रोविना हेस त्यांचं नाव. अडतीस वर्षांच्या, टेनेसीकडच्या, बोलण्यात तिकडचा हेल. जुलैमध्ये एका वर्षाच्या बोलीवर आमच्याकडे आल्या होत्या. पुढे त्यांना कायम करायचं की नाही, ते मंडळीने मत टाकून ठरवायचं होतं.

"आर्डिस, या वर्षी हार्लन नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर आणखी भार नको. कॅटलॉगमध्ये तयार राख मिळते. मागवून टाकू का?"

बाई माझ्या भल्यासाठीच बोलत होती. आज कळतं. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हार्लनचं काम कॅटलॉगमधून मागवणार!

"पाळकबाई," मी म्हटलं, "या चर्चमध्ये राख टपालाने येत नाही."

सगळ्या बायका हसल्या. माझी मैत्रीण लव्हॉन म्हणाली, "ऐकलंत ना पाळकबाई? विषय संपला. आता केक कापा." पाळकबाईही हसल्या आणि त्यांनी वहीतली ती ओळ खोडली.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी दुपारी मी वस्त्रांच्या खोलीतलं कपाट उघडलं, तर झावळ्यांचं खोकं जागेवर नाही. भट्टीच्या खोलीत बघितलं, माळ्यावर बघितलं. मग आठवलं. ऑक्टोबरमध्ये मी साफसफाई काढली होती, उंदरांनी कुरतडलेली गीतपुस्तकं आणि मोडक्या मेणबत्त्या भरभरून कचरा-डेपोत नेल्या होत्या. त्या खेपेत ते खोकंही होतं. मीच उचललं होतं. वरून म्हटलंही होतं, की या लोकांना काही म्हणून टाकवत नाही.

तेव्हा काय करायचं होतं? फोन उचलून सांगायचं होतं. पाळकबाई रागावल्या नसत्या. रस्त्यापलीकडच्या कॅथलिक फादरांनी हसत हसत चमचाभर राख दिली असती. पण मग फादरांनी ते त्यांच्या स्वयंपाकिणीला सांगितलं असतं, तिने गावाला, आणि जानेवारीतलं माझं ते टपालाचं वाक्य माझ्या घशात घातलं गेलं असतं. मी घरी गेले आणि माझ्या लाकडं जाळायच्या शेगडीचं दार उघडलं.

राख काय, राखच असते, असं मी स्वतःला सांगितलं. ओकच्या लाकडाची होती ती. पिठाच्या चाळणीने चाळली. रंग करडा आला, म्हणून कोळसा कुटून घातला. हार्लन तेल घालायचा हे मला अंधुक आठवत होतं, पण तेल घातलं तर गुठळ्याच झाल्या. मग गरम पाणी घातलं. काय सुरेख मिळून आलं म्हणता! पुडिंगसारखं मऊ. काचेच्या वाटीत काढून, झाकून, दुसऱ्या दिवसापर्यंत ओट्यावर ठेवून दिलं.

माझी आजी शेतावर साबण करायची. लाकडाच्या राखेवर पाणी घालून मुरत ठेवायची आणि आम्हा पोरांना त्या पिंपाच्या आसपास फिरकू द्यायची नाही, कारण ते पाणी कातडी सोलतं. हे मला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही. का आठवलं नाही, ते देवच जाणे. मला वाटतं, मी आठवायला थांबलेच नाही.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता उपासना होती. सत्तरेक माणसं आली होती, बाहेर बर्फ होतं तरी. तू माती आहेस, मातीलाच मिळणार आहेस, असं म्हणत पाळकबाई प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढत होत्या. सुरुवात करताना त्यांना ती राख घट्ट वाटली असावी. बाप्तिस्म्याच्या कुंडात त्यांनी बोटं बुडवली आणि तीनचार थेंब वाटीत सोडले. ते मी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी शेवटी गेले. अंगठ्यावर तोवर काही उरलंच नव्हतं. मग लगेच तळघरात कॉफी लावायला उतरले आणि पेले विसळताना तोंडावर पाणी मारलं. माझ्या कपाळाला काही झालं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे.

शेवटचं गीत चालू असतानाच लोक कपाळं चोळायला लागले होते. कॉफीला उतरले तेव्हा चोळत नव्हते, हात लावायलाही घाबरत होते. कुणी बर्फ मागत होतं, कुणी ओला टॉवेल. राख पुसली तर खाली लालभडक क्रूस. मार्लिस थोरसन चौऱ्याऐंशी वर्षांच्या, माझ्या लहानपणीच्या रविवारच्या शाळेतल्या बाई. त्यांची कातडी कागदासारखी पातळ. त्यांच्या कपाळावर फोड आला आणि तिथेच फुटला. पाळकबाईंचा स्वतःचा अंगठा सोलवटला होता. तो तसाच धरून त्या टेबलाटेबलाशी जाऊन विचारत होत्या, जळजळतंय का, डोळ्यात तर नाही ना गेलं.

मग त्या स्वयंपाकघरात आल्या. दार लोटून घेतलं. चेहरा पांढराफटक.

"आर्डिस, त्यात काय होतं?"

मला विचार करायलाही वेळ लागला नाही, त्याची मला अजून लाज वाटते. "झावळ्याच, पाळकबाई," मी म्हटलं. "आणि तेल. नेहमीसारखं."

"पाणी नाही घातलंत?"

"छे, पाणी कशाला घालेन?"

त्या भिंतीला टेकल्या. "मग मीच," त्या म्हणाल्या. "आम्हाला शिकवताना दहादा बजावलं होतं, राखेला पाणी लावू नका म्हणून. आणि मी चार थेंब घातले. देवा, मीच केलं हे."

माझ्या हातात कॉफीचा पेला होता. मी तो पुसत राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून माफी मागितली. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही, असं स्पष्ट म्हणाल्या. समोर बाकांवर ओळीने लाल क्रूस बसले होते. सगळ्या गावात आम्ही ओळखू यायचो. किराणा दुकानात, बँकेत, पोस्टात. कॅथलिक लोक आम्हाला 'डागलेले' म्हणायला लागले. मंडळीच्या समितीचा अध्यक्ष व्हर्लिन स्ट्रोबेल गुरं पाळतो. तो म्हणाला, "आजवर मी पाचशे वासरं डागली असतील. माझ्यावर ही वेळ येईल असं वाटलं नव्हतं."

विनोद म्हणून ते ठीक होतं. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. आमच्याकडे माणूस तोंडावर कधी रागावत नाही, गोड बोलूनच सोलतो. पाळकबाई सुपाच्या पातेल्याशी गेल्या की कुणीतरी म्हणायचं, "तिखटमिठाचं राहू द्या पाळकबाई, ते आम्ही बघतो." मेणबत्ती पेटवायला गेल्या की, "सांभाळून हं!" त्या दर वेळी हसायच्या आणि दर वेळी माफी मागायच्या. मीही हसायचे. न हसले असते तर कुणाला संशय आला असता.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचा हात. आधी त्या आशीर्वाद देताना डोक्यावर भक्कम हात ठेवायच्या, म्हाताऱ्यांचे हात हातात घ्यायच्या. आता त्यांचा हात डोक्यापासून दोन बोटं वरच थांबायचा. आजाऱ्याला भेटायला गेल्या तरी आधी विचारायच्या, "हात लावला तर चालेल?" मार्लिसबाईंची जखम चिघळली होती. पाळकबाई रोज दुपारी त्यांच्या घरी जाऊन पट्टी बदलायच्या. एकदा मी त्यांच्या जेवणासाठी हॉटडिश भाजून घेऊन गेले, तर मला वाटी धरायला बसवलं. कापूस लावताना बाई कळवळल्या आणि पाळकबाईंना रडू फुटलं. मी त्यांना रुमाल दिला. तेव्हा मला माझाच किळस आला. पण किळस येणं निराळं आणि तोंड उघडणं निराळं.

उपवासकाळातल्या बुधवारी आमच्याकडे संध्याकाळी सूप आणि त्यानंतर बायबल अभ्यास असतो. लांब टेबलांभोवती बसायचं, एकेकाने एकेक वचन वाचायचं, मग पाळकांनी प्रश्न विचारायचे आणि आपण आपापल्या सुपाकडे बघायचं. पहिल्याच बुधवारी आदाम आणि हव्वा निघाले. मना केलेलं फळ का खाल्लं असं देवाने विचारल्यावर त्याने तिच्याकडे बोट दाखवलं, तिने सापाकडे. व्हर्लिन म्हणाला, "साप बिचारा! त्याला बोटच नव्हतं." सगळे खो खो हसले.

तिसऱ्या बुधवारी दावीद राजा आणि नाथान संदेष्टा. राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि नवऱ्याला लढाईत पुढे घालून मारवलं. नाथान येऊन त्याला एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगतो, श्रीमंताने ते कसं हिरावून कापलं त्याची. राजा भडकतो, म्हणतो असल्या माणसाला जगू देऊ नये. तेव्हा नाथान त्याला सांगतो, की तो माणूस तूच. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. शिकवली होती मार्लिसबाईंनीच.

वाचन टेबलाच्या त्या टोकाकडून सुरू झालं. मी माणसं मोजली, मग वचनं मोजली. नाथानचं ते वचन नेमकं माझ्या वाट्याला येत होतं. पुन्हा मोजलं, तरी तेच. लव्हॉन माझ्या आधी वाचायला लागली, तशी मी उठले. "सूप लागतंय वाटतं," म्हणून स्वयंपाकघरात गेले. गॅस बंदच होता. मी रिकाम्या शेगडीपुढे डाव धरून उभी राहिले.

बाहेर लव्हॉनचं वाचून झालं. मग माझ्या रिकाम्या खुर्चीच्या पुढची पाळी पाळकबाईंची, म्हणून ते वचन त्यांनी वाचलं. टेनेसीच्या हेलात, सावकाश. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे वचन या वर्षी मला वेगळंच लागतंय. का ते तुम्हाला माहीतच आहे."  व्हर्लिन नुसता खाकरला.

आता कुणी म्हणेल, तेव्हाच बाहेर येऊन का नाही सांगितलंस? मला वाटत होतं की दिवस जातील तसं लोक विसरतील. दिवस गेले तसं उलट झालं. बोलणी मतदानाकडे वळली. कायम करायचं तर तीनातले दोन हिस्से मतं हवीत. झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या रविवारी सभा ठरली. लव्हॉन मला म्हणाली, "बाई चांगल्या आहेत गं, पण आपल्याकडच्या नव्हेत. व्हर्लिनने मोजलंय, निम्मे विरुद्ध जातील. त्या राखेचंच लागलंय सगळ्यांच्या मनाला." आणि वर म्हणाली, "तुला बरं वाटत असेल. तू आधीच सांगितलं होतंस, राख टपालाने आणू नका म्हणून."

"टपालाने नव्हती आणली," मी म्हटलं.

"तेच ते," लव्हॉन म्हणाली.

सभेच्या आधीच्या गुरुवारी मी पाळकबाईंच्या खोलीत गेले. "मला पापकबुली द्यायची आहे," मी म्हटलं. "पुस्तकातल्यासारखी, रीतसर." आमच्यात अशी एकट्याने कबुली देणारे फार थोडे. त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी जांभळा पट्टा गळ्यात घातला, पुस्तक काढलं, खुर्ची जवळ ओढली.

मी गुडघ्यांवर बसून सगळं सांगितलं. खोकं, कचरा-डेपो, शेगडी, कोळसा, पाणी, स्वयंपाकघरातलं खोटं. सांगता सांगता एवढं हलकं वाटायला लागलं की मी चक्क भरभर बोलत होते. मग वर बघितलं. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. 

त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. मग उठल्या, दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. टेकवून ठेवले. आणि देवाच्या नावाने क्षमेचे शब्द म्हणाल्या. आवाज मध्येच गेला, पण एकही शब्द गाळला नाही.

पट्टा काढून त्यांनी घडी घातली. "रविवारी काय करणार आहात?"

"तुम्ही सांगाल तसं, पाळकबाई."

"मी काही सांगू शकत नाही, आर्डिस. जे कबुलीत ऐकलं ते माझ्या तोंडून बाहेर जात नाही. व्हर्लिनला नाही, मार्लिसबाईंना नाही, कोर्टातही नाही. माझ्या बचावासाठी तर नाहीच नाही." त्या थांबल्या. "काल तुम्ही नुसतं दार उघडून येऊन सांगितलं असतंत, तर गोष्ट निराळी होती. तुम्हाला हे माहीत होतं का?"

हार्लन सहा वर्षं समितीचा अध्यक्ष होता. हा नियम त्याने मला जेवणाच्या टेबलावर दहा वेळा सांगितला असेल.

"नाही," मी म्हटलं. क्षमा मिळून पाच मिनिटं झाली नव्हती.

रविवारी उपासनेनंतर तळघरात सभा भरली. एकाहत्तर माणसं मतदानाला बसली. व्हर्लिनने चिठ्ठ्या वाटल्या आणि मग म्हणाला, "मतं टाकायच्या आधी लोकांच्या मनातला एक प्रश्न विचारून टाकतो. पाळकबाई, राग मानू नका. त्या राखेत तुम्ही पाणी घातलंत, हे खरं ना?"

पाळकबाई पियानोशेजारी उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. "हो," त्या म्हणाल्या. "मी पाणी घातलं."

"दुसरं काही सांगायचंय?"

"नाही, व्हर्लिन. मला दुसरं काही सांगता येत नाही."

लोकांनी पेन्सिली उचलल्या. शेजारी लव्हॉनने हाताचा आडोसा करून लिहायला सुरुवात केली.  त्या बाईने माझं पाप झाकायला स्वतःची मान पुढे केली होती, आणि ते मीच तिच्याकडून करवून घेतलं होतं, देवाच्या नावाखाली, गुडघ्यांवर बसून. असली लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बसवेचना. मी उठले.

"झावळ्या नव्हत्याच," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "झावळ्या मी ऑक्टोबरमध्ये फेकल्या होत्या. ती राख माझ्या शेगडीतली. आदल्या दिवशी पाणी घालून मुरवलेली, मी. पाळकबाईंच्या चार थेंबांनी काही झालेलं नाही. त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. पाच आठवडे खोटं बोलतेय."

पेन्सिली थांबल्या. आता तडाखा बसेल, मी मनात म्हटलं. आता मला या दारातून बाहेर काढतील. किल्ल्या मागतील. मी तयार होते. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

मग लव्हॉनला हसू फुटलं. "अगं आर्डिस!" ती म्हणाली. "शेगडीतली राख! हार्लन तिकडे वर कपाळ बडवून घेत असेल!"

सगळं तळघर हसलं. कोंडलेली वाफ सुटावी तसं. व्हर्लिन कपाळावरून हात फिरवत म्हणाला, "म्हणजे मला ओकने डागलं तर! आणि मी गावभर सांगत फिरतोय की पामने." पुन्हा हशा. मागून कुणीतरी म्हणालं, "बिचारी, नवरा जाऊन वर्षही झालं नाही, कुठे कुठे बघेल?" दुसरं म्हणालं, "होतं असं. माणूस घाबरतं." लव्हॉनने मला मिठी मारली. कुणी पाठीवर थोपटलं, कुणी कॉफीचा पेला हातात दिला. मी रडत होते, त्यामुळे आणखीच माया आली सगळ्यांना. मी उभी राहिल्यापासून दोन मिनिटंही झाली नसतील.

लव्हॉनच्या खांद्यावरून मला पाळकबाई दिसल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या, नवीन ओळख होत असावी तसं.

हसल्या नाहीत फक्त मार्लिसबाई. त्यांच्या कपाळावर गुलाबी वण आहे, तो आता जाणार नाही. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"ती माझी पट्टी बदलत होती, तेव्हा तू वाटी धरून बसली होतीस."

"हो, बाई."

"ती रडली, तेव्हा तू तिला रुमाल दिलास."

"हो."

त्यांनी खुर्ची फिरवून तोंड दुसरीकडे केलं. एवढ्या माणसांत मला माझ्या लायकीचं वागवणारं ते एकच माणूस होतं.

लोकांनी चिठ्ठ्या खोडून पुन्हा लिहिल्या. पाळकबाईंच्या बाजूने अडुसष्ट, विरुद्ध तीन. टाळ्या झाल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि पेले धुवायला घेतले, कारण दुसरीकडे कुठे जावं ते कळेना. थोड्या वेळाने पाळकबाई आत आल्या. टॉवेल घेतला आणि माझ्याशेजारी उभं राहून पेले पुसायला लागल्या.

"गुरुवारी दिली ती क्षमा देवाची होती," त्या म्हणाल्या. "ती तुम्हाला मिळाली. माझी अजून द्यायची राहिलीय. वेळ लागेल."

"लागू दे," मी म्हटलं. "आणि पाळकबाई, तो नियम मला माहीत होता."

"मला वाटलंच." त्यांनी पेला उलटा ठेवला, दुसरा घेतला. बाहेर अजून हसणं चालू होतं, व्हर्लिनचं ओकचं वाक्य कुणीतरी उशिरा आलेल्याला सांगत होतं. "एक विचारू? तुम्ही इथल्या आहात, तुम्हाला कळेल. तुम्हाला त्यांनी कॉफी थंड व्हायच्या आत माफ केलं. मी पाच आठवडे रोज माफी मागत होते. चार थेंब पाण्याची. माझं काय चुकलं, आर्डिस? मी काय करायला हवं होतं?"

उत्तर मला माहीत होतं. त्यांनी इथे जन्मायला हवं होतं, एवढंच. त्यांची आजी आमच्या दफनभूमीत असायला हवी होती, मग चारच काय, बादलीभर पाणी घातलं असतं तरी चाललं असतं. पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची मला लाज वाटली, आणि ही लाज माझ्या एकटीची नव्हती, बाहेर हसणाऱ्या सगळ्यांची होती. त्यांना मात्र ती वाटत नव्हती.

"काही नाही, पाळकबाई," मी म्हटलं. "तुम्ही काहीही केलं असतंत, तरी हेच झालं असतं."

"मलाही तसंच वाटत होतं," त्या म्हणाल्या. टॉवेल खुंटीला लावला, हात कोरडे झाल्याची खात्री केली आणि अभिनंदन करायला ताटकळलेल्या लोकांशी हस्तांदोलन करायला बाहेर गेल्या.